चिनी काढा आणि बोईसरचा मोडलेला कणा

गेल्या मे महिन्यात एका जुन्या कार्यकर्त्याच्या आग्रहावरून मी बोईसरला गेलो होतो. औद्योगिक वसाहतीच्या कडेला पत्र्याच्या खोल्यांची एक चाळ आहे. तीत सव्वीस वर्षांचा एक तरुण वर्षाहून अधिक काळ खाटेवर पडून आहे. पावसाळ्यापूर्वी कारखान्यांच्या छपरांची डागडुजी होते. त्या कामावर एका ठेकेदाराने त्याला रोजंदारीवर नेले होते. जुना सिमेंटचा पत्रा पायाखाली फुटला, तो वीस-बावीस फूट खाली काँक्रीटवर आदळला आणि पाठीचा कणा मोडला. मुंबईत शस्त्रक्रिया झाली, मणक्यांना सळ्या बसवल्या, आणि काही दिवसांनी त्याला घरी पाठवण्यात आले. कमरेखाली हालचाल नाही, संवेदना नाही, लघवीवर ताबा नाही.

खाटेच्या उशाशी फळीवर तपकिरी कागदाच्या पुड्यांची चळत होती. पुड्यांवरची अक्षरे चिनी. घरात ती कोणालाच वाचता येत नव्हती आणि ज्याने त्या विकल्या त्यालाही येत असतील असे वाटत नाही. मोबाइलवर एक चलचित्र पाहून कोणी तरी दलालाचा पत्ता दिला होता. महिन्याच्या पुड्यांना आठ हजार रुपये. पाच महिने झाले होते. सुनेचे गळ्यातले गहाण पडले होते आणि गावाकडची म्हैस विकली गेली होती. निघताना बापाने मला विचारले, ‘‘सर, त्या चायनावाल्यांनी तुटलेली नस जोडायचं औषध काढलंय म्हणतात. खरं का?’’

मी अर्थशास्त्राचा निवृत्त शिक्षक, वैद्य नव्हे. त्या क्षणी मला धड उत्तर देता आले नाही. नंतर काही महिने मी वाचत राहिलो, डॉक्टर मित्रांना त्रास देत राहिलो. हा प्रश्न आपल्या कार्यकर्त्यांनाही वस्त्यावस्त्यांतून विचारला जातो, म्हणून जे उमगले ते येथे मांडीत आहे.

प्रथम एक भेद लक्षात घेतला पाहिजे. हाड मोडणे वेगळे आणि मज्जारज्जू तुटणे वेगळे. आपल्या ग्रामीण भागात हाडवैद्याची परंपरा जुनी आहे. कांडवेलीचा लेप, बांबूच्या कामट्या, घट्ट पट्टी, आणि दीड-दोन महिन्यांत माणूस उभा. यात फसवणूक नाही. हाड स्थिर ठेवले तर ते आपले आपण सांधते. श्रेय मात्र ज्याने पट्टी बांधली त्याला मिळते. या अनुभवावरून लोक असे गृहीत धरतात की कण्याच्या आतली ‘नस’ही अशीच सांधत असेल. ती सांधत नाही. मज्जारज्जूतले मज्जातंतू तुटले की प्रौढ माणसात ते फिरून लांबवर वाढत नाहीत. इजेच्या जागी व्रणाची भिंत तयार होते आणि तिच्यापलीकडे मेंदूचा निरोप जात नाही. हातापायांतल्या मज्जातंतूंना थोडीबहुत वाढ जमते, मज्जारज्जूला जमत नाही. जगातले शेकडो शास्त्रज्ञ याच कोड्यापाशी अडलेले आहेत.

दुसरी गोष्ट अधिक फसवी आहे. सर्वच इजा पूर्ण नसतात. काही तंतू शाबूत राहिले असतील, तर पहिल्या धक्क्याचा भर ओसरल्यावर, सहा महिने ते वर्षभरात, अशा रुग्णांपैकी पुष्कळांना थोडी शक्ती आपोआप परत येते. एखाद्याचा अंगठा हलू लागतो, एखादा काठीने चालतो. त्या काळात त्याने काढा घेतला असेल तर काढ्याला यश, अंगारा लावला असेल तर अंगाऱ्याला, आणि महागडी इंजेक्शने घेतली असतील तर इंजेक्शनांना. म्हणूनच एका माणसाचे चलचित्र हा पुरावा नव्हे. सारख्याच इजेच्या दोन गटांपैकी एकाला औषध व दुसऱ्याला तसेच दिसणारे निरुपयोगी द्रव्य देऊन, कोणाला काय दिले हे तपासणाऱ्यालाही कळू न देता तुलना केल्याखेरीज औषध व निसर्ग यांचा वाटा वेगळा काढता येत नाही.

आता चिनी औषधाविषयी. ते थोतांड आहे असे म्हणून झटकून टाकणे सोपे आहे, पण ते न्याय्य होणार नाही. वांग छिंगरेन नावाचा एक चिनी वैद्य १७६८ ते १८३१ या काळात होऊन गेला. प्रेतांचे प्रत्यक्ष निरीक्षण करून त्याने जुन्या ग्रंथांतल्या शरीरविषयक चुका दाखवल्या. म्हणजे आपल्या परंपरेशी भांडणारा माणूस. १८३० साली प्रसिद्ध झालेल्या त्याच्या ग्रंथात अर्धांगवायूवरचा ‘बूयांग हुआनवू’ हा काढा आहे. त्यात सात द्रव्ये : हुआंग-छी नावाचे मूळ सर्वांत जास्त, आणि त्याबरोबर इतर मुळे, पीचच्या बियांचा गर, वाळवलेली गांडुळे व करडईची फुले. आपल्या सोलापूरकडे तेलासाठी जी करडई पेरतात, तिचीच ही फुले. हाच काढा आणि त्यातली द्रव्ये आज चीनच्या प्रयोगशाळांत मज्जारज्जूच्या इजेवर तपासली जात आहेत. उंदरांवरच्या अनेक प्रयोगांत सूज कमी झाली, पेशींचा नाश घटला, जनावर अधिक बरे चालले, असे निष्कर्ष आलेले आहेत.

परंतु हे उंदरांचे आहे. उंदराला इजा केली जाते ती मोजून-मापून, आणि औषध सुरू होते ते बहुधा लगेच. बोईसरच्या कामगाराला पुडी मिळते ती आठ-नऊ महिन्यांनी, व्रण घट्ट झाल्यावर. शिवाय चार पायांच्या प्राण्याचे चालणे मेंदूच्या हुकमावर आपल्याइतके अवलंबून नसते. माणसांवरच्या ज्या चाचण्या झाल्या त्यांतल्या बहुतेक लहान, आणि कोणाला काय दिले हे झाकून न ठेवता केलेल्या. चिनी, आयुर्वेदीय वा ॲलोपॅथीचे, तुटलेला मज्जारज्जू जोडून माणसाला पायांवर उभे करणारे सिद्ध औषध आज जगात नाही. बापाला द्यावयाचे उत्तर एवढेच आहे, आणि ते क्रूर आहे.

चिनी वनस्पती म्हणजे निरर्थक, असा मात्र याचा अर्थ नव्हे. याच पालघर जिल्ह्यातल्या जव्हार-मोखाड्याच्या आरोग्य केंद्रांत फॅल्सिपॅरम जातीच्या मलेरियाला जी औषधे देतात, ती आर्टेमिसिनिन या द्रव्यापासून झालेली आहेत, आणि ते चिनी दवण्याच्या जातीच्या एका रोपातून निघाले. व्हिएतनामच्या युद्धकाळात, १९६७ साली, चीन सरकारने मलेरियाविरुद्ध गुप्त संशोधन सुरू केले. तू यूयू या बाईंनी जुने ग्रंथ चाळले, शेकडो अर्क उंदरांवर तपासले. चौथ्या शतकातल्या एका वैद्याने ते रोप उकळण्याऐवजी थंड पाण्यात भिजवून पिळायला सांगितले होते. त्यावरून त्यांनी कमी उष्णतेवर अर्क काढला आणि तो लागू पडला. प्रथम स्वतःवर, नंतर रुग्णांवर चाचण्या झाल्या. २०१५ साली नोबेल पारितोषिक मिळाले. बाईंजवळ डॉक्टरेट नव्हती, परदेशी शिक्षण नव्हते. ग्रंथाने वाट दाखवली, पण औषध सिद्ध केले ते चाचणीने. शेकडो अर्क निरुपयोगी ठरले, हा या कथेतला भाग दलाल सांगत नाहीत.

तसेच, फसव्या आशेचा मक्ता केवळ जडीबुटीकडे आहे असेही समजू नये. १९९० साली अमेरिकेत एका मोठ्या चाचणीनंतर मज्जारज्जूच्या इजेवर स्टिरॉइडची जबर मात्रा देण्याचा प्रघात जगभर पडला. पुढे आकडेवारी पुन्हा तपासली गेली. फायदा संशयास्पद आणि जंतुदोष व रक्तस्रावाचे धोके खरे, असे दिसून आले. २०१३ साली अमेरिकन मज्जाशल्यविशारदांनीच ही मात्रा देऊ नये असे मार्गदर्शन केले. बीजिंगमध्ये या शतकाच्या आरंभी घ्राणकंदातल्या विशिष्ट पेशी मज्जारज्जूत रोपण्याच्या शस्त्रक्रिया शेकड्यांनी झाल्या. देशोदेशीचे रुग्ण पैसे मोजून गेले. त्यांतल्या सात जणांची आधी व नंतर तपासणी करणारी एक पाहणी २००६ साली प्रसिद्ध झाली. उपयुक्त सुधारणा कोणातच आढळली नाही, उलट काहींना मेंदूच्या आवरणाचा दाह झाला. तेव्हा प्रश्न पूर्वेचा की पश्चिमेचा हा नाही. तपासणीला तोंड देणारे औषध आणि तपासणी टाळणारे औषध, असे दोनच प्रकार आहेत.

या देशात कायदा नाही असेही नाही. १९५४ च्या औषधे व जादुई उपाय कायद्याने ज्या रोगांवरच्या औषधांच्या जाहिरातींना बंदी केली, त्यांच्या यादीत पक्षाघात आहे, मज्जासंस्थेचे विकारही आहेत. सत्तर वर्षे झाली. पुड्या विकल्या जात आहेत.

पुड्या का विकल्या जातात, हा मात्र माझ्या विषयातला प्रश्न आहे. अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ केनेथ ॲरो यांनी १९६३ साली वैद्यकीय सेवेच्या बाजाराविषयी एक निबंध लिहिला. त्याचा आशय असा की आजारी माणूस हा साधा गिऱ्हाईक नव्हे. आपण काय विकत घेतो याची पारख त्याला करता येत नाही, आणि विकणाऱ्याला मात्र त्याच्यापेक्षा अधिक माहिती असते. म्हणून या क्षेत्रात केवळ बाजारावर विसंबता येत नाही. माझे स्वतःचे निरीक्षण त्यात जोडतो : जी गोष्ट स्वस्त आणि खरोखर उपयोगी असते तिला दलाल मिळत नाही. रुग्णाला दर दोन तासांनी कुशीवर वळवण्यात कोणाला काय अडत मिळणार? ती पुडीत मिळते.

चीननेही परंपरागत औषधाचा पुरस्कार केला तो सगळाच श्रद्धेपोटी केला असे नव्हे. अफाट लोकसंख्या आणि मूठभर शिकलेले डॉक्टर, अशा स्थितीत हाताशी होते ते वैद्य कामाला लावणे हे दारिद्र्याचे अर्थशास्त्र होते. खुद्द माओ यांना त्या औषधांवर विश्वास नव्हता आणि ते स्वतः ती घेत नसत, असे त्यांचे खासगी वैद्य ली झिसुइ यांनी १९९४ साली प्रसिद्ध केलेल्या आठवणींत नमूद केले आहे. सत्तरीच्या दशकात तेथल्या ‘अनवाणी डॉक्टरां’च्या कथा आपण भारावून वाचल्या, मीही वाचल्या. त्यांचे खरे कर्तृत्व काढ्यात नव्हते. ते लसीकरणात, स्वच्छतेत, आणि औषध घेऊन कोणी तरी दारापर्यंत येते या गोष्टीत होते. आपण त्यातले नेमके कोणते घ्यायचे ते विसरलो. आपल्या सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ साली वैद्यकीय पथकाबरोबर चीनला गेले आणि १९४२ साली, वयाच्या अवघ्या बत्तिसाव्या वर्षी, तेथेच वारले. ते तिकडे शस्त्रक्रियेची सुरी घेऊन गेले होते, आशेची पुडी घेऊन नव्हे.

मग मज्जारज्जूच्या रुग्णासाठी काहीच करता येत नाही का? येते, आणि तेच सर्वांत महत्त्वाचे आहे. पहिल्या महायुद्धात मणका मोडलेले बहुतेक सैनिक पुढच्या काही महिन्यांत मरत. ते मज्जारज्जू तुटल्याने मरत नसत. अंथरुणाला खिळून पाठीला व कुल्ल्यांना पडणाऱ्या जखमा सडून आणि लघवी तुंबून मूत्रपिंडांत जंतुदोष पसरून मरत. हिटलरच्या जर्मनीतून पळून आलेले ज्यू डॉक्टर लुडविग गुटमान यांनी १९४४ च्या फेब्रुवारीत इंग्लंडात स्टोक मँडविल येथे अशा रुग्णांसाठी विभाग सुरू केला. त्यांच्याजवळ कोणतेही नवे औषध नव्हते. दर दोन तासांनी, रात्रंदिवस, रुग्णाला वळवायचे; लघवीची काळजी शिस्तीने घ्यायची; हात बळकट करायचे; आणि माणसाला कामाला, खेळाला लावायचे. एवढ्यावर मरणारी माणसे जगू लागली. १९४८ साली तेथे चाकाच्या खुर्चीतल्या रुग्णांची धनुर्विद्येची स्पर्धा झाली. तिच्यातूनच आजची पॅरालिम्पिक उभी राहिली.

त्याच पॅरालिम्पिकमध्ये, १९७२ साली हायडेलबर्ग येथे, आपल्या सांगली जिल्ह्यातल्या मुरलीकांत पेटकरांनी पोहण्यात सुवर्णपदक मिळवले. १९६५ च्या युद्धात त्यांना गोळ्या लागल्या होत्या. जवानांसाठी पुढे १९७४ साली पुण्यास खडकी येथे पक्षाघातग्रस्तांचे पुनर्वसन केंद्र निघाले, आणि ते योग्यच झाले. मुंबईत हाजीअलीला केंद्र सरकारची पुनर्वसन संस्था १९५५ पासून आहे. परंतु बोईसरहून हाजीअली शंभर किलोमीटरच्या आसपास आहे. ज्याला बसता येत नाही अशा माणसाला तेथे न्यायचे तर गाडीभाडे, सोबतीच्या माणसाची बुडालेली मजुरी आणि शहरातला मुक्काम यांचा हिशेब मांडून पाहावा. पुड्यांचे गणित मग तितके वेडेपणाचे वाटत नाही. पुडी निदान घरपोच येते.

भारतातल्या बहुतेक रुग्णालयीन पाहण्यांत मज्जारज्जूच्या इजेचे पहिले कारण उंचीवरून पडणे हे आढळते. पाश्चात्त्य देशांत पुष्कळ ठिकाणी ते वाहनांचे अपघात हे असते. आपला हा पट्टा पाहा. किनाऱ्याला ताडावर चढून ताडी काढणारे, आत इमारतींच्या परातींवरचे मजूर, आणि तारापूरच्या वसाहतीत छपरांवर चढणारे कंत्राटी कामगार. वसाहतीत स्फोट झाला की वर्तमानपत्रे येतात, मंत्री येतात. २०२० च्या जानेवारीत झालेल्या स्फोटात कामगार ठार झाले तेव्हा सारे आले होते. पत्र्यातून एक माणूस पडला तर फारसे कोणी येत नाही. पत्र्यावर थेट पाय न देता फळी टाकून चालणे, कमरेला पट्टा आणि खाली जाळी, याला परदेशी तंत्रज्ञान लागत नाही. पडलेल्या माणसाला दोघांनी खांदे व पाय धरून उचलून रिक्षात घातले, तर जे तंतू शाबूत असतील तेही तुटू शकतात. त्याला मान-पाठ न वाकवता फळीवर सरळ ठेवून न्यायचे असते. हे प्रत्येक मुकादमाला शिकवायला एक दुपार पुरे.

नुकसानभरपाईची कथा याहून उद्वेगजनक आहे. १९४८ च्या कामगार राज्य विमा कायद्याने, ज्याच्या तरतुदी आता २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत गेल्या आहेत, कामावरच्या अपघाताने कायमचे संपूर्ण अपंगत्व आलेल्या विमाधारकाला वेतनाच्या नव्वद टक्के दराने आयुष्यभर रक्कम मिळण्याची सोय केली. योजनेखालच्या आस्थापनेत कंत्राटी कामगाराचीही जबाबदारी मूळ मालकावर टाकलेली आहे. अपघाताच्या लाभासाठी किती महिने वर्गणी भरली अशी अट नाही. कामाचा पहिला दिवस असला तरी हक्क आहे. हे सारे कागदावर असताना या तरुणाचे नाव कोणत्याच हजेरीपत्रकावर सापडत नाही. ठेकेदाराने रुग्णालयात वीस हजार रुपये रोख दिले आणि एका कागदावर अंगठा घेतला. मुलगा दहावी पास आहे, सही करतो. अंगठा बापाचा घेतला.

जाता जाता एक विपर्यास. चिनी औषध बोईसरला रोज येतच असते. आपल्या देशात आयात होणाऱ्या औषधी कच्च्या मालापैकी सुमारे दोन तृतीयांश चीनमधून येतो, आणि या वसाहतीतले औषध कारखाने त्या व्यापारापासून अलिप्त नाहीत. पिंपे उतरवून घेणारे, अणुभट्ट्या नव्हेत तर रसायनांच्या भट्ट्या धुणारे, छपरावर चढणारे हात याच चाळींतले. जगाला औषध पुरवणाऱ्या गावात मोडलेल्या कण्याची शुश्रूषा शिकवणारी एक खोली नाही. कामगार संघटनांनी प्रत्येक मागणीपत्रात ती खोली घातली पाहिजे : दोन प्रशिक्षित परिचारिका, हवेच्या गाद्या, लघवीच्या नळ्या, चाकाच्या खुर्च्या, आणि घरोघर फिरणारा एक माणूस. वसाहतीच्या उलाढालीपुढे हा खर्च किरकोळ आहे. ठेकेदाराच्या हजेरीपत्रकाची तपासणी तर फुकट आहे. आपल्या तालुका समितीने ती छपरांचा हंगाम सुरू होण्यापूर्वीच हाती घ्यावी.

दिवाळीनंतर मी पुन्हा त्या चाळीत गेलो. बापाला जे वाचले ते सांगितले. तो बराच वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, ‘‘म्हणजे चालणार नाही.’’ मी म्हटले, ‘‘या पुड्यांनी नाही.’’ मुलाच्या पाठीखालची जखम तळहाताएवढी झाली होती. बरोबर आणलेल्या परिचारिका बाईंनी ती धुतली आणि सुनेला रुग्ण कसा वळवायचा ते दाखवले : उशी गुडघ्यांमध्ये, टाचा अधांतरी, दर दोन तासांनी. सुनेने विचारले, ‘‘रात्रीपण?’’ बाई म्हणाल्या, ‘‘रात्रीपण.’’ तिने बोटांवर काही मोजले. ती आता एका कारखान्यात पॅकिंगला जाते. ‘‘रात्री मी उठेन ताई,’’ ती म्हणाली, ‘‘पण माझी ड्यूटी सकाळी आठ ते रात्री आठ. दिवसा सासऱ्यांना एकट्याला उचलत नाही.’’